अर्धगुणसूत्री विभाजन पाठ न करता कागदावर कसे काढावे

अर्धगुणसूत्री विभाजनाचा, म्हणजे ज्या पेशीविभाजनातून निम्म्या गुणसूत्रांच्या प्रजनन पेशी तयार होतात त्याचा, अभ्यास अवस्थांच्या नावांपासून सुरू करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो; तो मानू नये. कोरा कागद आणि लाल-निळ्या पेन्सिली घेऊन चार गुणसूत्रांची पेशी काढावी: एक लांब जोडी, एक आखूड जोडी, प्रत्येक जोडीतले लाल गुणसूत्र आईकडचे, निळे वडिलांकडचे. एकाच जोडीवर भागवू नये, कारण मग जोड्यांची स्वतंत्र वाटणी दिसतच नाही. प्रत्येक गुणसूत्रावर गुणसूत्रबिंदूचा (गुणसूत्राच्या दोन प्रती जिथे जोडलेल्या राहतात त्या जागेचा) ठळक ठिपका द्यावा.

विभाजनापूर्वी डीएनएची प्रत तयार होते, म्हणून प्रत्येक रेषेशेजारी त्याच रंगाची दुसरी रेषा काढून दोन्ही त्या एकाच ठिपक्यात जोडाव्यात. बहुतेकांचे घोडे इथेच अडते. माझेही बरेच दिवस अडले होते. रेषा आठ दिसतात, म्हणून गुणसूत्रे आठ झाली असे वाटते. प्रत्यक्षात ती चारच असतात. गुणसूत्रे मोजताना ठिपके मोजावेत, रेषा कदापि मोजू नयेत. एका ठिपक्याला जोडलेल्या एकाच रंगाच्या दोन रेषा म्हणजे एका गुणसूत्राची दोन अर्धगुणसूत्रे, तर सारख्या लांबीचे लाल आणि निळे मिळून होते ती समजात गुणसूत्रांची जोडी. पहिल्या विभाजनात समजात जोडी फुटते, ठिपका फुटत नाही. दुसऱ्या विभाजनात ठिपका फुटतो.

म्हणून पहिल्या विभाजनानंतरच्या पेशीत दोन ठिपके आणि चार रेषा उरल्या पाहिजेत. माणसाच्या बाबतीत 46 गुणसूत्रे व 92 अर्धगुणसूत्रे असलेल्या पेशीपासून 23 गुणसूत्रे व 46 अर्धगुणसूत्रे असलेल्या दोन पेशी होतात. संख्या दुसऱ्या विभाजनात निम्मी होते असे कोणी सांगितले, तर ते साफ चूक आहे: पेशी पहिल्याच विभाजनात एकगुणित (प्रत्येक जोडीतले एकच गुणसूत्र असलेली) होते, आणि दोन विभाजनांच्या मध्ये डीएनएची प्रत पुन्हा तयार होत नाही.

जोड्या फुटण्यापूर्वी क्रॉसिंग ओव्हर, म्हणजे समजात गुणसूत्रांमधली तुकड्यांची अदलाबदल, दाखवावे. एका लाल आणि एका निळ्या रेषेची टोके खोडून रंगांची अदलाबदल करावी, मात्र त्यांच्या शेजारच्या रेषांना हात लावू नये. असे केले की एकाच ठिपक्याच्या दोन रेषा यापुढे सारख्या राहत नाहीत, हे डोळ्यांना दिसते.

मग वाटणी दोनदा काढावी: एकदा दोन्ही लाल एका बाजूला, एकदा लांब लाल आखूड निळ्याबरोबर. दोन जोड्यांपासून युग्मकांचे (अंडपेशी किंवा शुक्रपेशींचे) चार प्रकार मिळतात. 23 जोड्यांपासून, क्रॉसिंग ओव्हर न धरताही, 83,88,608. नैसर्गिक निवडीला विविधता लागते. नवी जनुकरूपे उत्परिवर्तनातून येतात आणि त्यांची नवनवी जुळणी इथे होते. उत्क्रांतीचा धडा याच आकृतीशेजारी ठेवून वाचावा.

दुसरे विभाजन सूत्री विभाजनासारखेच (शरीराच्या वाढीत होणाऱ्या नेहमीच्या पेशीविभाजनासारखेच) आहे. ठिपके फोडून चार पेशी काढाव्यात.

आकृती खरोखर समजली का, हे पाहण्यासाठी पहिल्या विभाजनात एक जोडी न फुटता एकाच पेशीत गेली असे धरून ती पुन्हा काढावी. शेवटी चार युग्मकांत 3, 3, 1, 1 अशी गुणसूत्रे आली पाहिजेत. तीच चूक दुसऱ्या विभाजनात, दोनपैकी एकाच पेशीत झाली, तर 3, 1, 2, 2 येतात. माणसाच्या 21व्या जोडीबाबत असे घडून जादा गुणसूत्र असलेल्या युग्मकाचे फलन झाले, तर अपत्याच्या पेशींत 47 गुणसूत्रे येतात आणि डाऊन सिंड्रोम होतो.