एका मैदानाच्या पाळ्या चार मंडळांत कशा वाटाव्यात

मैदानावरून होणारी बहुतेक भांडणं संध्याकाळच्या दोन-तीन तासांची असतात. दुपारी अडीचला तेच मैदान ओस पडलेलं असतं. त्यामुळे 'प्रत्येकाला आठवड्याला सहा तास' असं समसमान वाटप केलं की कागदावर न्याय दिसतो, आणि प्रत्यक्षात एका मंडळाच्या पदरात फक्त भर उन्हातले तास पडतात. चांगल्या वेळेची किंमत वेगळी धरली, तरच वाटप टिकतं. पुढची सगळी रीत त्यावरच उभी आहे.

जिथे काही रीतच नसते, तिथे सहसा दोनपैकी एक प्रकार चालतो. पहिला वहिवाटीचा: जे मंडळ पूर्वीपासून येतं, त्याची वेळ पक्की. नवा संघ, मुलींचा संघ, नुकताच रुजू लागलेला खेळ यांना मग उरलंसुरलं मिळतं, आणि पुढच्या वर्षी तीच त्यांची वहिवाट ठरते. कॅलिफोर्नियाने 2004 मध्ये कायदा करून स्थानिक संस्थांना मुलामुलींच्या सामुदायिक खेळांत भेदभाव करायला मनाई केली. त्यात किती तास मिळाले एवढ्यावर न थांबता सामन्यांच्या आणि सरावाच्या वेळा कोणत्या, मैदान कोणतं, हेही तपासायला सांगितलं आहे. दुसरा प्रकार 'जो आधी येईल त्याचं'. हा दिसायला साधा, पण ज्याच्याकडे सकाळपासून जागा अडवून बसायला माणूस आहे त्याचंच त्यात फावतं. ऑनलाइन बुकिंग रात्री बारा वाजता उघडणं हाही त्यातलाच प्रकार आहे.

आधी मैदान मोजा

वाटप करणारी व्यक्ती कोणत्याही मंडळाची पदाधिकारी नसावी. तिने सगळ्यात आधी आठवड्याच्या एकूण पाळ्या काढाव्यात. पाळी दीड तासाची धरा: 80 मिनिटं खेळ आणि 10 मिनिटं आवराआवर. तासाची पाळी केली तर वॉर्मअपमध्येच पाव तास जातो. दोन तासांची केली तर पाळ्यांची संख्या घटते.

एक नमुना घेऊ. सोमवार ते शुक्रवार सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 4.30 ते 7.30, म्हणजे रोज चार पाळ्या. शनिवार-रविवार सकाळी 6 ते 12 आणि दुपारी 3 ते 7.30, म्हणजे रोज सात. एकूण 20 अधिक 14, म्हणजे 34. दिवे नसतील तर शेवटची पाळी ऋतूप्रमाणे सरकवावी लागते. म्हणून वेळापत्रक वर्षाचं न करता हंगामाचं करा.

या 34 मधून आधी दोन वजाबाक्या करायच्या. पहिली मैदानाच्या विश्रांतीची. आठवड्यातला एक पूर्ण दिवस, समजा सोमवार, बंद: चार पाळ्या गेल्या, 30 उरल्या. हा दिवस देताना सगळेच कुरकुरतात, पण गोलपोस्टसमोरची आणि खेळपट्टीच्या टोकांची हिरवळ आधी जाते, आणि विश्रांती मिळाली नाही की तिथली माती दगडासारखी घट्ट होते. मग पाणी मुरत नाही, आणि पहिल्या जोरदार पावसात त्याच जागी डबकं साचतं.

दुसरी वजाबाकी मोकळ्या खेळाची. कोणत्याही मंडळात नसलेली मुलं, चार मित्र, चालायला येणारे लोक यांचा प्रतिनिधी बैठकीला येत नाही. म्हणून त्यांचा वाटा कुणी मागायच्या आधी बाजूला काढावा लागतो. 2014 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागातल्या एका लहान मैदानावर परवाना घेऊन आलेले प्रौढ खेळाडू आणि रोज तिथे पाळीपाळीने फुटबॉल खेळणारी स्थानिक मुलं यांच्यात खटका उडाला. त्याची चित्रफीत सगळीकडे फिरली आणि शहराला त्या मैदानापुरते प्रौढांचे परवाने बंद करावे लागले. मोकळ्या खेळासाठी पाचवा हिस्सा ठेवा. आपल्या नमुन्यात सहा पाळ्या, आणि त्या चांगल्या, मध्यम, हलक्या अशा तिन्ही प्रकारांतून दोन-दोन. नको असलेल्या सगळ्या वेळा 'जनतेसाठी खुल्या' असं लिहून टाकणं ही शुद्ध पळवाट आहे.

पाळ्यांना गुण द्या

कामाच्या दिवशीच्या संध्याकाळच्या दोन्ही पाळ्या आणि शनिवार-रविवारच्या सकाळच्या पहिल्या दोन यांना 3 गुण. कामाच्या दिवशीची सकाळची पहिली आणि शनिवार-रविवारच्या संध्याकाळच्या दोन यांना 2. बाकी सगळ्यांना 1. सोमवार वगळून हिशेब केला तर 12, 8 आणि 10 पाळ्या होतात. मोकळ्या खेळाच्या दोन-दोन काढल्या की 10, 6 आणि 8 उरतात. म्हणजे 24 पाळ्या, 50 गुण.

हे गुण मंडळांची नावं पुढे ठेवायच्या आधी ठरले पाहिजेत. कुणाला काय हवंय हे कळल्यावर ठरवलेला प्रत्येक नियम तोंड बघून केल्यासारखा वाटतो, मग तो कितीही बरोबर असो.

आता हे 50 गुण मंडळांत वाटायचे. पाळी घेताना मंडळाने तिच्या गुणांएवढी किंमत आपल्या वाट्यातून मोजायची. समजा क मध्ये 120 खेळाडू, ख मध्ये 60, ग मध्ये 40 आणि घ मध्ये 20. निव्वळ संख्येवर वाटले तर क निम्मे घेऊन जातो आणि घ ला जेमतेम चार गुण मिळतात. तेवढ्यात धड दोन चांगल्या पाळ्याही येत नाहीत. म्हणून प्रत्येकाला आधी 5 गुण सरसकट द्या. उरलेले 30 संख्येच्या प्रमाणात वाटा. गोळाबेरीज करून क ला 20, ख ला 12, ग ला 10 आणि घ ला 8 मिळतात.

संख्या मोजताना लबाडी होणारच. सभासदांची यादी फुगवणं अगदी सोपं असतं. त्यामुळे मागच्या हंगामातली मैदानावरची सरासरी हजेरी धरा, आणि दोन मंडळांत खेळणारा माणूस दोन्हीकडे अर्धा-अर्धा मोजा. नव्या मंडळाकडे हजेरीचा इतिहास नसतो. त्याला पहिल्या हंगामात फक्त सरसकटचे गुण द्या आणि पुढच्या वेळी खरा आकडा लावा. सरसकटच्या गुणांसाठी एकच मंडळ दोन नावांनी अर्ज करतं, हेही लक्षात ठेवा. दोन्हीकडे तेच प्रशिक्षक आणि तेच खेळाडू दिसले तर दोन्ही अर्ज एकत्र करा. लहान मुलं किंवा अपंग खेळाडू यांना झुकतं माप द्यायचं असेल तर त्यांची संख्या दीडपट धरा. पण अशी सवलत दोनापेक्षा जास्त गटांना देऊ नका. यादी लांबली की सगळेच विशेष ठरतात.

निवड

इथे पुष्कळजण चुकतात. चिठ्ठ्या टाकून क्रम लावतात आणि प्रत्येकाला आळीपाळीने एकेक पाळी निवडू देतात. तसं केलं तर दोन फेऱ्यांत चौघांच्याही हाती दोन-दोन चांगल्या वेळा येतात. तीन गुणांच्या दहापैकी दोनच उरतात, आणि 120 जणांचं मंडळ व 20 जणांचं मंडळ जवळजवळ सारख्याच संध्याकाळी घेऊन जातात. संख्येचा सगळा हिशेब वाया.

त्याऐवजी साधा नियम ठेवा: ज्याच्या मूळ गुणांपैकी सर्वांत मोठा हिस्सा शिल्लक आहे, निवड त्याची. सुरुवातीला सगळ्यांचे शंभर टक्के शिल्लक असतात, म्हणून पहिल्या चार निवडी चिठ्ठीने. पुढेही बरोबरी झाली की तोच चिठ्ठीचा क्रम. घ ने पहिली तीन गुणांची पाळी घेतली की त्याच्याकडे आठातले पाच उरतात, म्हणजे 62.5 टक्के. क ने तीच किंमत मोजली की वीसातले सतरा, म्हणजे 85 टक्के. त्यामुळे पाचवी निवड क कडे येते. घ, ख, क, ग असा चिठ्ठीचा क्रम आणि प्रत्येक जण उरलेल्यांतली सर्वांत महाग पाळी घेतो असं धरलं, तर तीन गुणांच्या पाळ्या क ला 4 आणि बाकी तिघांना 2-2 मिळतात. एकूण पाळ्या अनुक्रमे 10, 6, 5 आणि 3. बेरीज 24, आणि गुण एकही शिल्लक नाही. प्रत्यक्षात इतकं चोख जुळत नाही. एखाद-दुसरा गुण उरलाच तर तो पुढच्या हंगामाच्या खात्यात जमा करा.

हे सगळं एका खोलीत, सगळ्यांसमोर, फळ्यावर करा. तासाभरात आटोपतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पाळ्या ठरवू नका. रात्री अकराला कुणीतरी 'ओके' लिहितं आणि त्याचे चार अर्थ निघतात.

सामन्यांना सलग वेळ लागते, म्हणून दोन किंवा तीन लागोपाठच्या पाळ्या एकदम उचलायची मुभा द्या, गुण मात्र सगळ्यांचे एकाच वेळी कापा. क्रिकेटवाले दोन पाळ्यांत म्हणजे तीन तासांत 20 षटकांचा सामना बसवायला बघतात. तो बसत नाही. मधली विश्रांती आणि हरवलेले चेंडू धरले तर साडेतीन तास सहज जातात, आणि पुढच्या पाळीचं मंडळ सीमारेषेवर घड्याळ बघत उभं राहतं. तीन पाळ्या घ्या किंवा षटकं 15 करा.

जागेची वाटणी

वेळ वाढवता येत नसली तरी जागा विभागता येते. 105 बाय 68 मीटरच्या फुटबॉल मैदानाच्या प्रत्येक अर्ध्या भागात 55 बाय 37 मीटरचं सात-सात जणांचं लहान मैदान आडवं बसतं आणि भोवती मोकळी जागाही राहते. कबड्डीला 13 बाय 10 मीटर पुरतात, खो-खोला 27 बाय 16. ही दोन्ही मैदानं कोपऱ्यात कायमची आखून ठेवता येतात. अर्ध्या मैदानाच्या पाळीला अर्धे गुण लावले की लहान मुलांची मंडळं आपण होऊन ती घेतात.

लेदर बॉलचं क्रिकेट मात्र कुणाबरोबरही एकत्र ठेवू नका, कोपऱ्यातल्या खो-खोबरोबरही नाही. जाळीत सराव असेल तर गोष्ट वेगळी. खेळपट्टी 20.12 मीटर लांब आणि 3.05 मीटर रुंद, पण ती फुटबॉलच्या मधोमध असेल तर ओल्या मातीत स्टडच्या बुटांनी पडलेली भोकं रोलर फिरवूनही पुरती बुजत नाहीत. जमेल तिथे ती फुटबॉलच्या रेषेबाहेर घ्या. नाही जमलं तर फुटबॉल आणि क्रिकेटचे हंगामच वेगळे करा. फक्कीच्या रेषाही एकाच खेळाच्या ठेवा. तीन खेळांच्या रेषा एकावर एक पडल्या की दर दहा मिनिटांनी वाद होतो.

वेळापत्रक लागू झाल्यावर

पाळी रद्द करायची तर 48 तास आधी कळवावं, म्हणजे गुण परत. न कळवता 15 मिनिटं कुणी आलं नाही तर पाळी प्रतीक्षा यादीतल्या मंडळाला, आणि तेही नसेल तर मोकळ्या खेळाला. पहिल्यांदा फक्त नोंद, दुसऱ्यांदा लेखी समज, तिसऱ्यांदा त्या मंडळाची सर्वांत महाग पाळी हंगाम संपेपर्यंत जाते. शिक्षा अशी चढत्या पायऱ्यांची असावी. 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळवलेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी कुरणं, पाटाचं पाणी, मासेमारी अशा सामायिक गोष्टींचा अभ्यास केला, तेव्हा दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना हेच दिसलं: नियम वापरणाऱ्यांनी मिळून केलेले, देखरेख त्यांचीच किंवा त्यांना उत्तरदायी माणसांची, पहिली शिक्षा सौम्य आणि तंटा जागच्या जागी मिटवायची सोय. पहिल्याच चुकीला कडक दंड लावला तर तो वसूल करायला कुणी धजावत नाही आणि नियम कागदावर राहतो.

देखरेखीला एक वही पुरते. प्रत्येक मंडळाने आल्याची आणि सोडल्याची वेळ व खेळाडूंची संख्या लिहायची, आणि पुढच्या मंडळाने त्यावर सही करायची. म्हणजे आकडा फुगवला तर शेजाऱ्यालाच दिसतो, आणि पुढच्या हंगामाची हजेरीही आपोआप तयार होते.

पोटभाड्यावर पूर्ण बंदी ठेवा. आपली पाळी दुसऱ्याला पैसे घेऊन देणारं मंडळ सापडलं की ती पाळी तिथेच काढून घ्या, इथे पायऱ्या नकोत. मंडळांनी आपसात अदलाबदल केली तर हरकत नाही, फक्त ती वहीत लिहिलेली असावी.

पावसात मैदान बंद ठेवायचा निर्णय एकाच माणसाकडे द्या आणि तो पाळीच्या दोन तास आधी जाहीर होऊ द्या. कसोटी सोपी आहे: गोलपोस्टसमोर टाच दाबायची, खड्ड्यात पाणी चढलं तर मैदान बंद. पावसाने गेलेली पाळी गेली, तिचे गुण परत नाहीत, कारण भरपाई सुरू केली की उरलेला हंगाम तिचा हिशेब करण्यात जातो. अपवाद फक्त ठरलेल्या सामन्यांचा. त्यासाठी महिन्यातून एक सोमवार हाताशी ठेवा.