टू-स्ट्रोक गाडीच्या ऑइल टाकीचं तडकलेलं झाकण असं जोडा

आरएक्स १००सारख्या जुन्या गाडीच्या टू-टी ऑइल टाकीचं प्लास्टिकचं झाकण तडकलं, की पावसाचं पाणी आत जातं.

आधी झाकणाची बारीक कपची पाण्यात बुडवून सोडा. तरंगली तर त्या प्लास्टिकवर इपॉक्सी (अ‍ॅराल्डाइटसारखा दोन ट्यूबचा गोंद) टिकत नाही. सरळ नवं झाकण घ्या. बुडाली तर:

१. टाकीच्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी रबरबँडने बांधा. रबरी वायसर काढून ठेवा.
२. झाकण साबणाने धुवा, मग स्पिरिटने पुसा. तेलाचा अंश राहिला, तर जोड हमखास सुटतो.
३. तड्याच्या दोन्ही बाजू १२० नंबरच्या पॉलिश पेपरने खरवडा.
४. अ‍ॅराल्डाइटच्या दोन्ही ट्यूब समप्रमाणात मिसळून तड्यात भरा. वरून सुती कापडाची पट्टी बसवून आणखी एक हात द्या. आट्यांवर आणि वायसरच्या जागी थेंबही नको.
५. २४ तास हात लावू नका.

झाकणाला हवेचं भोक असेल, तर त्यात ग्रीस लावलेली टूथपिक आधीच खोचा. ते बुजलं तर टाकीत निर्वात होऊन पंपाकडे ऑइल उतरत नाही आणि पिस्टन जाम होतो. बसवण्यापूर्वी भोकातून फुंकून बघाच.