हुजूर पक्षाला मत का दिलं, हे विचारायचं कसं

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला मराठी वर्तमानपत्रं कित्येक वर्षं 'हुजूर पक्ष' म्हणत आली आणि लेबरला 'मजूर पक्ष'. नावं तोंडात बसली, यमकही जुळलं. पण त्यातून एक समज घट्ट झाला, की बंगलेवाले हुजूरांकडे आणि कष्टकरी मजुरांकडे. हा समज घेऊन मतदारांशी बोलायला निघालात तर पहिल्याच दारात फसाल. डिसेंबर 2019 च्या निवडणुकीनंतर यूगव्ह या जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्थेने केलेल्या मोठ्या पाहणीत, सोळाव्या वर्षापर्यंतचंच शालेय शिक्षण झालेल्यांपैकी 58 टक्क्यांनी हुजूर पक्षाला मत दिल्याचं दिसलं. पदवीधरांत हेच प्रमाण 29 टक्के होतं. त्याच निवडणुकीत खाणकामगारांचा जुना बालेकिल्ला असलेलं बोल्सोव्हर आणि मजूर पक्षाचे माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांचं सेजफील्ड, दोन्ही हुजूर पक्षाने जिंकलं.

लंडन-लेस्टरला राज्यशास्त्र किंवा पत्रकारिता शिकणारे, मंडळाच्या अंकासाठी मुलाखती घेणारे, कोणत्याही पक्षाच्या प्रचारात दारोदार फिरणारे, अशा सगळ्यांना पुढची पद्धत उपयोगी पडेल. (जाता जाता: वैध व्हिसावर तिथे राहणाऱ्या भारतीय नागरिकालाही राष्ट्रकुलाचा नागरिक म्हणून संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. आधी मतदार म्हणून नाव नोंदवावं लागतं आणि केंद्रावर फोटोचं ओळखपत्र दाखवावं लागतं. त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. अनेक विद्यार्थी हे माहीत नसल्यामुळे घरी बसतात.)

निघण्याआधी

एकच मतदारसंघ निवडा आणि त्याचे चार आकडे वहीत लिहून घ्या: मागच्या तीन निवडणुकांचे निकाल, स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांचं प्रमाण, 65 वर्षांवरच्यांचं प्रमाण आणि 2016 च्या सार्वमतात युरोपीय संघातून बाहेर पडायच्या बाजूने पडलेली मतं. घर आणि वय 2021 च्या जनगणनेत मिळेल. स्कॉटलंडची जनगणना 2022 मध्ये झाली.

इथे दोन खड्डे आहेत. 2024 ची निवडणूक नव्या सीमांवर झाली. त्यामुळे 2019 चा निकाल आणि 2024 चा निकाल नाव तेच असलं तरी शेजारी शेजारी ठेवून वजाबाकी करता येत नाही. जुनी मतं नव्या सीमांमध्ये बसवून काढलेले अंदाजित निकाल वापरावे लागतात. दुसरं, सार्वमताची मोजणी मतदारसंघवार झालीच नव्हती, इंग्लंडमध्ये ती स्थानिक परिषदांनुसार झाली. एखाद्या मतदारसंघाचा 'ब्रेक्झिट टक्का' छापलेला दिसला तर बहुधा तो अभ्यासकांचा अंदाज असतो. लिहिताना 'सुमारे' हा शब्द गाळू नका.

रात्री दहा वाजता जाहीर होणाऱ्या एक्झिट पोलवर कारणांसाठी विसंबू नका. त्यात केंद्राबाहेर मतदाराला नकली मतपत्रिका देतात, तो ती भरून पेटीत टाकतो, बस. 'का' हा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. कारणांसाठी 1964 पासून चालत आलेला ब्रिटिश निवडणूक अभ्यास बघा. तो शिस्तीने केलेला आहे आणि त्याची आकडेवारी खुली आहे.

कारणांचे थर

'का' या एका प्रश्नात तीन वेगळे प्रश्न दडलेले असतात. या माणसाला मुळात हा पक्ष आपलासा का वाटतो? त्याच्या आयुष्यात असं काय आहे ज्याला दुसरा पक्ष धोका वाटतो? आणि या खेपेला कशाने पारडं फिरलं? तिन्हींची उत्तरं वेगळ्या रकान्यांत लिहा. एकाच रकान्यात कोंबली की हाती फक्त 'अर्थव्यवस्था' आणि 'स्थलांतर' असे दोन जाडे शब्द उरतात आणि त्यातून काही कळत नाही.

या उत्तरांमागे आयुष्यातले थर असतात: घर, वय, मूल्यं. त्यातला सगळ्यात सकस थर घराचा आहे, म्हणून त्याला वेळ द्या. 1980 च्या गृहनिर्माण कायद्याने स्थानिक परिषदेच्या मालकीच्या घरात तीन वर्षं भाड्याने राहिलेल्याला ते घर विकत घ्यायचा हक्क मिळाला. किमतीत 33 टक्के सवलत होती आणि वीस वर्षं राहिलेल्याला ती निम्म्यापर्यंत जायची. म्हाडाच्या भाडेकरूला निम्म्या किमतीत मालकी मिळाली असती तर त्याच्या घरात त्या सरकारबद्दल काय बोललं गेलं असतं, एवढा विचार केला तरी त्याचं वजन कळतं. ज्याच्या नावावर घर झालं तो व्याजदर, मालमत्तेची किंमत, वारसाकर या गोष्टींकडे निराळ्या नजरेने बघू लागतो. ऑक्टोबर 2007 मध्ये तेव्हा विरोधात असलेल्या हुजूर पक्षाच्या जॉर्ज ऑस्बर्न यांनी वारसाकर जिथून लागतो ती मर्यादा दहा लाख पौंडांवर नेऊ असं म्हटलं. जनमत चाचण्या त्यांच्या बाजूला झुकल्या आणि आठवड्याच्या आत मजूर पक्षाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी मुदतपूर्व निवडणुकीचा विचार सोडला. हाच थर उलटाही फिरतो. 18 मे 2017 च्या हुजूर जाहीरनाम्यात म्हातारपणी घरी मिळणाऱ्या शुश्रूषेच्या खर्चासाठी घराची किंमत हिशेबात धरायचं सुचवलं होतं. पक्षाचे स्वतःचे मतदार इतके बिथरले की चार दिवसांत पंतप्रधान थेरेसा मे यांना त्यात बदल करावा लागला.

म्हणून घराबद्दल विचारताना 'घर स्वतःचं आहे का?' एवढ्यावर थांबू नका. कधी घेतलं, कुणाकडून घेतलं, कर्ज फिटलं का, मुलांना घर घेता येईल का, हे चार पोटप्रश्न विचारा. शेवटच्या प्रश्नावर माणूस सर्वांत मोकळा होतो. कर्ज फिटलेला सत्तर वर्षांचा मतदार आणि त्याच रस्त्यावर भाड्याने राहणारा त्याचा मुलगा वेगळं मत देतात, याचं मोठं कारण इथे सापडतं.

वयाचा थर याला लागूनच आहे. यूगव्हच्या हिशेबाने 2019 मध्ये साधारण 39 व्या वर्षापासून पुढे मतदार मजूर पक्षापेक्षा हुजूर पक्षाकडे झुकलेला दिसत होता. 2024 मध्ये हे वय 63 वर गेलं. वय वाढलं की माणूस आपोआप पुराणमतवादी होतो, हे त्यामुळे पटत नाही. वयाबरोबर घर, पेन्शन, बचत येते का, हे पाहावं लागतं. पेन्शनची 'तिहेरी हमी' 2010 च्या, हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालच्या आघाडी सरकारने दिली: महागाई, पगारवाढ किंवा 2.5 टक्के, यांत जे जास्त असेल तेवढी दरवर्षी वाढ. म्हाताऱ्या मतदाराला ती बोटांवर पाठ असते.

मूल्यांचा थर नाजूक आहे. राजघराणं, सैन्य, गावचं चर्च, शाळेतली शिस्त, 'आहे ते एकदम मोडू नका' ही वृत्ती. लोक ती थेट बोलून दाखवत नाहीत, वागण्याबोलण्यातून ती उमटते. स्कॉटलंडमध्ये मात्र अर्थच बदलतो. तिथे 2014 च्या, स्कॉटलंडच्या स्वातंत्र्यावरच्या सार्वमतानंतर हुजूर पक्षाला दिलेलं मत बऱ्याचदा स्वातंत्र्याच्या विरोधातलं मत असतं. 2017 मध्ये पक्षाच्या तिथल्या जागा एकवरून तेरावर गेल्या, त्या करकपातीसाठी नव्हे. इंग्लंडची प्रश्नावली जशीच्या तशी एडिंबरोला नेऊ नका.

प्रश्न आणि त्यांचा क्रम

'तुम्ही या पक्षाला का मत दिलं?' असं पहिल्या मिनिटाला विचारलं की समोरचा आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो आणि टीव्हीवर ऐकलेलं कारण देऊन मोकळा होतो. क्रम असा ठेवा: आधी गाव आणि घर, मग 'गेल्या पाच वर्षांत इथे काय सुधारलं, काय बिघडलं', मग 'मत नक्की कधी ठरलं', मग 'दुसऱ्या कुणाचा विचार आला होता का, तो का मागे पडला', आणि सर्वांत शेवटी मत कुणाला दिलं ते. 'मागे का पडला' हा प्रश्न कधीही वगळू नका. एका जागेला एकच विजेता असलेल्या पद्धतीत पुष्कळ मतं कुणाला तरी अडवण्यासाठी पडतात. 650 पैकी आपल्या जागेवर खरी लढत कुणात आहे, हे मतदार नीट ओळखून असतो.

मोठे शब्द आले की तिथेच थांबून ते उलगडायला लावा. समजा, एखादे काका म्हणाले, 'टॅक्स हो, दुसरं काय.'

विचारा: 'कुठला टॅक्स, काका? पगारावरचा, दुकानावरचा, की घराचा?'

'दुकानाचा. आणि परवा मुलांना घर द्यायचं झालं तर तोही.'

'त्यातला जास्त कुठला टोचतो?'

आता कुठे उत्तर हाती लागलं. पहिल्या उत्तराला 'कर' असा शिक्का मारून पुढे गेला असता तर दुकानदाराची रोजची चणचण आणि बापाची काळजी दोन्ही निसटल्या असत्या. 'स्थलांतर' शब्दाचंही तसंच. त्यामागे पगाराची भीती असते, डॉक्टरकडची रांग असते, किंवा 'आम्ही रीतसर फी भरून आलो, रांग मोडणाऱ्यांचं काय' अशी तक्रार असते. ही तिसरी भावना भारतीय घरांत बरीच ऐकू येते.

आपल्या मंडळींकडे गेल्यावर

आशियाई मतदार म्हणजे मजूर पक्ष, हे समीकरणही सरसकट लावू नका. मुंबईत जन्मलेले मंचेरजी भावनगरी 1895 मध्ये लंडनच्या पूर्व भागातून हुजूर पक्षाचे खासदार झाले आणि 1906 पर्यंत राहिले, म्हणजे ही वाट नवी नाही. 1972 मध्ये इदी अमीनने हाकललेल्या युगांडातल्या सुमारे 27 हजार आशियाई लोकांना एडवर्ड हीथ यांच्या हुजूर सरकारने ब्रिटनमध्ये घेतलं. अनेक गुजराती घरांत ही आठवण पुढच्या पिढीपर्यंत पोचली आहे. 2024 मध्ये पक्ष देशभर 121 जागांवर घसरला, तेव्हाही भारतीय वंशाचे बरेच मतदार असलेल्या दोन मतदारसंघांपैकी हॅरो ईस्ट निम्म्याहून जास्त मतं मिळवून टिकलं आणि लेस्टर ईस्ट पक्षाने नव्याने मिळवलं. पण लेस्टर ईस्टमध्ये मजूर पक्षाचे दोन माजी खासदारही उभे होते आणि मतं फुटली, हे लिहिलं नाही तर अर्धंच चित्र दिलं असं होईल. 'आपली मतं फिरली' हा मथळा लगेच सुचतो. आधी मतांची बेरीज करून बघा.

भाषेबद्दल एक सूचना: ज्येष्ठांशी मराठीत बोला, पण 'उजवे', 'प्रतिगामी', 'पुराणमतवादी' हे शब्द आपण होऊन वापरू नका. मराठीत त्यांना दोषाचा वास आहे. समोरचा स्वतःला ज्या शब्दाने ओळखतो तोच शब्द उचला.

कुठे चुकतं

1992 च्या चाचण्यांनी अटीतटीची लढत सांगितली आणि हुजूर पंतप्रधान जॉन मेजर साडेसात टक्क्यांनी पुढे राहिले. तेव्हापासून 'लाजरे हुजूर मतदार' हा शब्द रूढ झाला. चार लोकांत ते बोलत नाहीत, पडद्याआड मत देतात. 2015 मध्ये चाचण्या पुन्हा चुकल्या तेव्हा सगळ्यांनी तेच बोट दाखवलं, पण चौकशी समितीचा निष्कर्ष वेगळा होता: नमुनाच एकांगी होता. राजकारणात रस असणारी, सहज सापडणारी माणसं जास्त आणि सत्तरीपुढची कमी. तुमच्या बाबतीतही हेच होणार. विद्यापीठाजवळच्या कॅफेत तीस मुलाखती झटपट होतील आणि तिसाव्या मुलाखतीनंतरही हुजूर मतदार भेटलेला नसेल. सकाळी अकराला बसने जा, दुपारी बाग सांभाळणाऱ्या वस्तीत थांबा, कुणी दार उघडलं नाही तर वेगळ्या वेळी दोनदा परत जा.

हजार जणांच्या नमुन्यात साधारण तीन टक्के इकडेतिकडे होतात. त्यातल्या साठ आशियाई मतदारांचा टक्का वेगळा काढलात तर चूक तेरा टक्क्यांपर्यंत जाते. अशा आकड्यावर वाक्य उभं करू नका.

आठवणही दगा देते. जिंकलेल्याला मत दिल्याचं लोकांना जास्त 'आठवतं' आणि सरकार बदनाम झालं की विसरायलाही होतं. सप्टेंबर 2022 च्या, हुजूर पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या छोट्या अर्थसंकल्पानंतर गृहकर्ज महागलं, तेव्हा 2019 चं मत सांगताना अनेकांची जीभ अडखळू लागली. म्हणून सोडून गेलेल्यांनाही यादीत घ्या. हुजूर पक्षाची मतं 2019 मधल्या 43.6 टक्क्यांवरून 2024 मध्ये 23.7 टक्क्यांवर आली. काही रिफॉर्म पक्षाकडे गेले, काही लिबरल डेमोक्रॅटकडे, काही घरीच बसले. ज्या कारणाने माणूस सोडून जातो ते कारण तो आधी का होता हेही सांगतं.

वही आणि संमती

राजकीय मत ही ब्रिटनच्या माहिती-संरक्षण कायद्यात खास जपायची माहिती आहे. नाव-पत्त्याबरोबर मत नोंदवायचं असेल तर स्पष्ट संमती घ्या आणि त्याहून बरं म्हणजे नाव लिहूच नका: रस्ता, वयोगट, घराचा प्रकार पुरे. ध्वनिमुद्रण मध्येच थांबवायचा हक्क समोरच्याला आधी सांगा.

निघण्याआधी तिन्ही रकान्यांतलं एकेक वाक्य मतदाराला वाचून दाखवा: 'पक्ष आपला वाटतो तो वडिलांपासून, घराची काळजी आहे म्हणून दुसरीकडे गेला नाहीत, आणि या खेपेला नेत्यामुळे ठरलं, असं लिहू का?' बऱ्याचदा उत्तर येतं, 'नाही, नेता नव्हे...' आणि मग पुढची पाच मिनिटं पेन खाली ठेवायची सवड मिळत नाही.