फवारणी करताना या चुका टाळा, नोटीस वाचली असली तरी

जुलै संपत आला की पंचायतीच्या फलकावर फवारणीची नोटीस लागते. पोरं तिचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकतात आणि त्याच दुपारी उघड्या अंगाने पंप पाठीवर घेतात. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती, फवारा उलटून तोंडावर येत होता. तेव्हा घाबरलेली माणसं आता पुन्हा "काही नाही होत जी" म्हणायला लागली आहेत.

माझा सगळ्यात जास्त राग आहे तो बिनलेबलच्या बाटलीवर. डबा घरी ठेवायचा, औषध कोल्ड्रिंकच्या बाटलीत काढून वावरात न्यायचं. आमच्याकडे एक पोरगा असाच मजुरीने फवारायला गेला होता. दुपारी मळमळ, दरदरून घाम, तोंडातून लाळ. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. ताक पाजलं, कांदा चोळला, झाडाखाली निजवलं. संध्याकाळी दवाखान्यात नेल्यावर डॉक्टरांनी आधी विचारलं, औषध कोणतं? मालक म्हणे, दोन मिसळली होती, एक ते निळ्या झाकणाचं. झाकण बघून इलाज होतो का? रात्री टॉर्च घेऊन आम्ही धुऱ्यावर डबे शोधत फिरलो. एकावरचं लेबल वाचता आलं, ते ऑर्गनोफॉस्फेट या गटाचं कीटकनाशक निघालं. त्या गटाच्या विषावर अॅट्रोपिन हा उतारा आहे, पायरेथ्रॉईड या दुसऱ्या गटावर तसा उताराच नाही, लक्षणं बघून उपचार करावे लागतात. म्हणून नाव लागतं. पोरगा वाचला, पण नाव कळेपर्यंतचा वेळ फुकट गेला.

तेव्हापासून मी डबा उघडण्याआधी लेबलचा फोटो काढतो आणि घरी पाठवतो. वावरातल्या माणसाची शुद्ध हरपली तर त्याच्या मोबाईलचं लॉक कोण उघडणार? त्रास जाणवला की कपडे काढून अंग साबणाने धुवायचं, 108 ला फोन करायचा, डबा सोबत न्यायचा. ताक-लिंबात वेळ घालवू नका.

दोन-तीन औषधं एकाच टाकीत ढवळणं हा उतावीळ लोकांचा लाडका उद्योग. एका फेरीत सगळ्या अळ्या मारायच्या असतात त्यांना. कृषी केंद्रवाला तोंडी सांगतो, हे ऐकतात. लेबलवर मिसळायला सांगितलेलं नसेल तर मी मिसळत नाही, मजुरी दुप्पट लागली तरी चालेल.

तुंबलेलं नोझल तोंडाने फुंकू नका. जुना टूथब्रश दोरीने पंपालाच बांधून ठेवा. वाऱ्याच्या तोंडावर फवारू नका. डब्यावरचा हिरवा त्रिकोण म्हणजे लाल, पिवळ्या, निळ्यापेक्षा कमी विषारी, निर्धोक नव्हे. फवारणीबाहेरचंही सांगतो: वीज पडण्याच्या इशाऱ्याचा फोटो पुढे पाठवण्याआधी तारीख बघा, नाहीतर सरळ तो इशारा देणारं दामिनी अॅप उघडा.

रानडुकरांसाठी कुंपणात लाईनचा करंट सोडणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडलं आहे. तो गुन्हा आहे, आणि त्या तारेला चिकटतो कित्येकदा शेजारी किंवा घरचाच माणूस. कुंपणाचं झटका मशीन थांबून-थांबून झटका देतं म्हणून माणूस सुटतो. थेट लाईन सोडत नाही.

शेवटची चूक घरच्यांच्या हातून होते, दुःखात. अशा अपघातात गेलेला माणूस शवविच्छेदन नको म्हणून तसाच घरी आणतात. मग पंचनामा नाही, अहवाल नाही, आणि गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे 2 लाख अडकतात. ही योजनासुद्धा सातबाऱ्यावरच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका सदस्याला. पंप पाठीवर असतो भूमिहीन मजुराच्या. त्यामुळे हातमोजे, मास्क, चष्मा मालकानेच आणून द्यायचा. मजुराने आपला आणावा म्हणणाऱ्याच्या वावरात मी माणूस पाठवत नाही.