मॉडेल रेल्वेचं इंजिन चालत नाही? मोटर बदलण्याआधी हे करा

इंजिन रुळावर आहे, कंट्रोलर पूर्ण फिरवलाय, आणि ते ढिम्म हलत नाही. अशा वेळी ‘मोटर जळली असेल, नवी टाका’ हा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. १२ व्होल्टच्या या मोटरी चांगल्या चिवट असतात. बहुतेक वेळा मोटर धडधाकट असते आणि वीजच तिच्यापर्यंत पोचत नसते. रुळातून चाकात, चाकातून त्याला घासणाऱ्या धातूच्या पत्तीत, पत्तीतून तारेने मोटरला, अशी ती जाते. शोधही त्याच क्रमाने घ्यायचा.

आधी त्याच जागी दुसरं, चालतं इंजिन ठेवा. तेही हललं नाही तर दोष रुळाचा, जोडांचा किंवा कंट्रोलरचा. ओव्हरलोडचा दिवा लागला तर शॉर्ट शोधा. रुळावर पडलेला एखादा स्क्रूही पुरतो. डीसीसी (प्रत्येक इंजिनाला वेगळा पत्ता, म्हणजे क्रमांक, देऊन डिजिटल आज्ञांनी चालवायची पद्धत) असेल तर पत्ता ३ टाकून बघा, नव्या डिकोडरचा (इंजिनात बसवलेल्या, त्या आज्ञा वाचणाऱ्या सर्किटचा) पत्ता तोच असतो.

रूळ आणि चाकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर अजिबात नको. त्याच्या बारीक ओरखड्यांत काजळी बसते आणि रूळ आणखी लवकर मळतात.

आता बॉडी काढा आणि ९ व्होल्टच्या बॅटरीच्या दोन तारा थेट मोटरच्या टोकांना लावा. डिकोडर असेल तर मोटरच्या नारिंगी आणि करड्या तारा आधी सोडवा, नाहीतर डिकोडर जाईल. मोटर नुसती गुणगुणली तर कुठेतरी यांत्रिक अडथळा आहे: आसाला गुंडाळलेला केस, सुकून घट्ट झालेलं ग्रीस किंवा तडकलेला गिअर. हाताने फिरवताना दर फेऱ्याला एकाच जागी अडत असेल तर गिअर बदला. चिकटवलेला टिकत नाही. मोटर पूर्ण गप्प असेल तर कम्युटेटर (मोटरच्या दांड्यावरचं तांब्याचं कडं) आणि त्याला टेकून वीज देणारे ब्रश साफ करा. ब्रशच्या स्प्रिंगा उडतात, म्हणून हे काम पारदर्शक पिशवीत हात घालून करा.

मोटर बॅटरीवर छान फिरली, तर दोष बहुधा चाकाला घासणाऱ्या पत्तीत. मला सर्वांत जास्त दमवलेला टप्पा हाच, आणि सर्वांत चुकीचे सल्लेही याच्याबद्दलच मिळतात.

चाकाच्या मागच्या अंगाला घासणारी ही फॉस्फर ब्राँझची पातळ पत्ती असते. भिंग घेऊन चाकाची मागची बाजू बघा. तेल आणि काजळीचं काळं कडं असतं, आणि पत्ती जिथे घासते तिथे त्या कड्यात एक चकचकीत रेघ दिसायला हवी. रेघ नसेल तर पत्ती टेकत नाही किंवा मळावरूनच फिरते आहे. दोन्ही अंगं अल्कोहोलने पुसा. पत्तीला तेल लावू नका. तेलावर पुन्हा धूळ धरते.

आता चाक आसासकट डावीकडे-उजवीकडे हलवा. त्याला थोडी ढील असतेच. पत्ती दोन्ही टोकांना टेकलेली राहिली पाहिजे. इंजिन उलटं धरून ‘टेकतेय की’ म्हणणारे चाक मधोमध असताना बघतात, आणि वळणावर इंजिन मरतं ते याचमुळे. पत्ती वाकवायची ती मुळाशी, बारीक चिमट्याने, केसभरच. टोकाशी वाकवली की घडी पडते आणि ती चाकात रुतते. दाब जास्त झाला तर पत्ती ब्रेकचं काम करते, चाक फिरण्याऐवजी घसटतं. रबराचं कडं असलेल्या चाकांतून वीज येत नाही, म्हणून उरलेल्या प्रत्येक चाकाची पत्ती नीट हवी.

मग मल्टिमीटर. एक टोक चाकाला, दुसरं त्याच बाजूच्या मोटरच्या टोकाला. नुसत्या ‘बीप’वर भरवसा ठेवू नका. मोटरच्या गुंडाळीचा रोध इतका कमी असतो की पलीकडच्या बाजूने मोटरमधून फिरून आलेल्या विजेवरही बीप वाजू शकतो. मोटरची एक तार सोडवून मोजा आणि आकडा वाचा: शून्याच्या जवळपास हवा. डिकोडर असेल तर मोटरऐवजी त्याच्या लाल (उजवा रूळ) आणि काळ्या (डावा रूळ) तारेपर्यंत मोजा. एकेक चाक घ्या आणि मोजताना तार हलवा. तुटलेला डाख असाच सापडतो.

सगळं जमलं की बॉडी न लावता इंजिन दोन्ही दिशांना अगदी हळू चालवा. मगच बॉडी चढवा. त्यानंतर बंद पडलं तर बॉडीखाली एखादी तार चेपली आहे का बघा.