उष्टावणानंतर बाळ दूध कमी पितं? आधी चमचा तिरपा करून बघा

उष्टावण होतं, मामाच्या मांडीवर बसून बाळ खिरीचं बोट चाटतं, फोटो निघतात. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत घरात तक्रार सुरू होते, "हल्ली अंगावर पीतच नाही गं." त्याला जोडून कुणीतरी म्हणतंच, "दूध आटलं असेल तुझं." माझ्या मुलीच्या वेळी हे मी इतक्या जणींकडून ऐकलं की आठवडाभर अळिवाची खीर ओरपत बसले. दूध आटलेलं नव्हतंच. रोज अकराच्या सुमारास मीच तिला वाटीभर वरणाचं पाणी पाजत होते, आणि साडेअकराला ती छातीकडे ढुंकूनही बघत नव्हती.

वरचं अन्न सुरू झालं की दूध थोडं कमी होणारच, पण किती ते एकदा नीट समजून घ्या. सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसाला सुमारे ६०० कॅलरी लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं त्यातल्या साधारण २०० वरच्या अन्नातून यायला हव्यात, बाकी दुधातून. नऊ ते अकरा महिन्यांत अन्नाचा वाटा ३०० होतो, पण बाळाची एकूण गरजही वाढलेली असते. म्हणजे पहिल्या वर्षात दूध हळूहळू उतरतं, एकदम निम्म्यावर येत नाही. तसं झालंच असेल तर दुधाची जागा कशानं घेतली ते शोधायचं.

१. तीन दिवस लिहून काढा

कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवरही चालेल. दूध कधी दिलं, अन्न कधी आणि काय दिलं, पाणी किती. पाणी लिहायचं विसरू नका, कारण घोळ बहुतेक वेळा तिथेच असतो. आजी दोन घोट देते, बाबा दोन घोट देतात, उन्हाळा आहे म्हणून शेजारच्या काकूही देतात. जेवताना चार-सहा घोट उकळून गार केलेलं पाणी या वयाला ठीक आहे. दुधाच्या वेळेआधी वाटीभर पाणी पोटात गेलं तर दुधाला जागा कुठून उरणार? त्या चिमुकल्या पोटाचा हिशेब सोपा आहे: वजनाच्या दर किलोला सुमारे ३० ग्रॅम. सात किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी दोनशे ग्रॅमच्या आसपास मावतं, बस.

२. लंगोट मोजा, मग वजनाची रेघ बघा

चोवीस तासांत पाच-सहा लंगोट नीट ओले होत असतील, शू फिकट असेल आणि बाळ खेळतंय, तर पोटात पुरेसं जातंय. वजनासाठी अंगणवाडीत किंवा दवाखान्यात मिळालेलं माता-बाल संरक्षण कार्ड काढा. सहा ते नऊ महिन्यांत महिन्याला साधारण ३०० ग्रॅम वाढ असते, पुढे त्याहूनही कमी. पहिल्या तीन महिन्यांतलं ते भराभर चढणारं बाळसं आता दिसणार नाही, म्हणून घाबरू नका. एकाच आकड्यापेक्षा रेघ कुठे चाललीय ते महत्त्वाचं.

३. चमचा तिरपा करा

या लेखातली एकच गोष्ट करणार असाल तर ही करा. बाळासाठी केलेलं जेवण चमच्यात घ्या आणि चमचा तिरपा करा. अन्न धार लागून ओघळलं तर ते पातळ आहे. चमच्यावर टिकून राहिलं, हळूच घसरलं, तर जमलं.

वरणाचं पाणी आणि भाताची पेज आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्यात, आणि पहिल्या दोन-चार दिवसांच्या चवीपुरतं ते ठीकही आहे. पण डाळीचा सगळा कस भांड्याच्या तळाशी राहतो आणि वरचं पिवळं पाणी आपण प्रेमानं बाळाला पाजतो. पोट गच्च, पदरात काही नाही. आईच्या १०० मिली दुधात सुमारे ६५ ते ७० कॅलरी असतात. त्या दुधाला हटवून जागा घेणारं अन्न त्याहून दाट असायला हवं ना!

म्हणून खिमट करा, पण घट्ट. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मूगडाळ धुऊन, सावलीत वाळवून, मंद आचेवर भाजून रवाळ दळून ठेवायचं. लागेल तेव्हा चौपट-पाचपट पाण्यात गुठळ्या मोडत शिजवायचं. वरून एक लहान चमचा तूप. त्या चमचाभर तुपातच ४० ते ४५ कॅलरी असतात, म्हणजे साधारण ६५ मिली दुधाइतक्या, आणि जागा जेमतेम चमचाभर. गुरगुट्या भात वरणासकट कुस्करून, नाचणीचं सत्त्व, उकडलेला बटाटा हेही चालेल. अंडं, मासे घरात होत असतील तर नीट शिजवून, काटे काढून, कुस्करून द्या. जन्मतः मिळालेला लोहाचा साठा सहा महिन्यांच्या सुमारास संपत येतो, आणि नुसत्या दुधानं तो भरून निघत नाही. वर्षाच्या आत मध नको, साखर-मीठही नको. आणि चहात बुडवलेलं बिस्किट म्हणजे खाऊ नव्हे, हे आजोबांना कोण सांगणार ते घरात ठरवून घ्या.

किती द्यायचं? सुरुवात दोन-तीन चमच्यांनी, दिवसातून दोनदा. आठ महिन्यांपर्यंत दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी वाढवत १२५ मिलीपर्यंत. घरोघरच्या स्टीलच्या वाट्या वेगवेगळ्या असतात, तेव्हा औषधाच्या मापानं पाणी ओतून आपली वाटी एकदा मोजून ठेवा. मी मोजली तर माझी "छोटी" वाटी १८० मिलीची निघाली.

४. आधी दूध, मग घास

साधारण नऊ महिन्यांपर्यंत उठल्या-उठल्या दूध, तासाभरानं भरवणं, असा क्रम ठेवा. वाटी आधी आली की छाती मागे पडते. नऊच्या पुढे उलटं केलं तरी चालतं. बाळानं तोंड फिरवलं की वाटी बाजूला. काऊ-चिऊच्या नावानं आणखी चार घास कोंबले तर त्याची वसुली पुढच्या दुधातून होते.

५. खोली बदला

सात-आठ महिन्यांचं बाळ पिता पिता कुकरच्या शिट्टीला मान वळवतं आणि मग परत येतच नाही. त्याला भूक नाही असं नाही, जग फार मजेचं झालंय. पडदे ओढा, फोन बाहेर ठेवा, झोपेतून उठताना किंवा डोळे जडावलेले असताना पाजा. दात येत असतील तर हिरड्या दुखतात. शी घट्ट होत असेल तरीही दूध नकोसं होतं. केळं काही दिवस थांबवून पपई देऊन बघा.

६. तुमची रजा संपलीय का, तेही बघा

२०१७ च्या दुरुस्तीनंतर प्रसूती रजा २६ आठवड्यांची झाली, आणि त्यातले आठ आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. म्हणजे रजा संपते ती उष्टावणाच्या आगेमागेच. मग दूध कमी झाल्याचं खापर खिमटावर फुटतं, खरं कारण मात्र तुमची सकाळची लोकल असते. दूध जितकं निघतं तितकंच बनतं, म्हणून कामावरही दोनदा-तीनदा काढा. काढलेलं दूध खोलीत जास्तीत जास्त चार तास (आपल्या एप्रिल-मेमध्ये त्याहूनही कमी), फ्रिजमध्ये आतल्या बाजूला चार दिवस टिकतं. ते वाटी-चमच्यानं पाजायला सांगा. संध्याकाळी घरी आल्यावर, रात्री आणि पहाटे अंगावर. काही बाळं दिवसाचा सगळा हिशेब रात्रीच चुकता करतात. झोप मोडते, पण दूध टिकतं.

डब्याचं दूध घेणाऱ्या बाळाला सात ते नऊ महिन्यांत दिवसाला साधारण ६०० मिली, वर्षाच्या जवळ येताना ४०० मिली पुरतं. बाटली संपत नाही म्हणून दूध पातळ करू नका आणि त्यात बिस्किट कालवू नका.

डॉक्टरांकडे कधी जायचं

सहा-आठ तास शू नाही, टाळू खोल गेलीय, ओठ कोरडे, बाळ मलूल. दूध आणि अन्न दोन्ही नाकारतंय. ताप किंवा सारख्या उलट्या होतायत. यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी जा, वहीत लिहीत बसू नका. लागोपाठ दोन महिने वजन जागचं हललं नसेल तर कार्ड घेऊन दाखवायला जा.

वर्ष सरलं की तक्रार बहुधा उलटी होते: नुसतं दूध पितं, जेवत नाही. गाईचं-म्हशीचं दूध तेव्हा दिवसाला ५०० मिलीच्या वर जाऊ देऊ नका. त्यात लोह फार कमी असतं, आणि पोट दुधानंच भरलं की डाळ-पालेभाजी ताटातच राहते.