एक मोबाईल, चौथीचा वर्ग आणि मोड आलेली मटकी: मुलांकडून व्हिडिओ कसा करून घ्यायचा

आपल्याकडे शाळेत 'टेक्नॉलॉजी' म्हटलं की बहुतेक वेळा टीव्ही लावतात आणि मुलं समोर बसून बघतात. बघण्यात वाईट काही नाही, पण मुलाला खरंच काय समजलं हे तेव्हा कळतं जेव्हा ते स्वतः काहीतरी बनवून दुसऱ्याला सांगतं. आणि त्याला टॅबलेटची पेटी लागत नाही, बाईंचा किंवा सरांचा एक साधा मोबाईल पुरतो. परिसर अभ्यासात बी कसं रुजतं हे असतंच, तोच विषय धरून सांगते. तिसरी-चौथीला अगदी छान जमतं.

आधी वही, मग मोबाईल
मोबाईल पहिल्या दिवशी बाहेरच काढू नका. चार-चार मुलांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक प्रश्न त्यांचा त्यांना ठरवू द्या, म्हणजे "मोड आधी कुठून फुटतो?" किंवा "अंधारात ठेवलं तर रुजेल का?" असा काहीतरी. मग वहीच्या पानावर सहा चौकटी आखायच्या, प्रत्येकीत काय दिसणार त्याचं चित्र आणि खाली एक ओळ काय बोलणार त्याची. हे पान झाल्याशिवाय शूटिंग नाही, यावर ठाम राहा. निम्मं शिकणं याच पानावर होतं, कारण आधी काय आणि नंतर काय हे त्यांना इथेच ठरवावं लागतं.

फोटो काढणं
काचेच्या ग्लासात ओला कापूस, आणि काच व कापूस यांच्यामध्ये रात्रभर भिजवलेली मटकी, म्हणजे बाहेरून दिसते. आता मुख्य गोष्ट: फोन आणि ग्लास दोन्ही रोज त्याच जागी हवेत. टेबलावर खडूने दोन खुणा करा, एक ग्लासची, एक फोनची, फोन आडवा धरून दोन जाड पुस्तकांमध्ये उभा करा. खिडकी फोनच्या पाठीमागे हवी, ग्लासच्या मागे नको, नाहीतर ग्लास काळा दिसतो. शाळा भरताना, मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना असे दिवसाला तीन फोटो, सहा दिवस. अठरा फोटो झाले. कापूस रोज ओला करायची जबाबदारी एकाला नेमून द्या.

हे फोटो व्हिडिओ एडिटिंगच्या कुठल्याही फुकट अ‍ॅपमध्ये ओळीने लावा आणि प्रत्येक फोटो अर्धा सेकंद ठेवा, नऊ सेकंदांत मटकीचा मूळ खाली आणि कोंब वर जाताना दिसतो. बोलणं जास्त असेल तर शेवटचा फोटो लांबवा. फोटो ओळीने लावायचं काम मुलांनाच करू द्या, एखादा उलटसुलट लागला तर कोंब परत आखूड झालेला त्यांना लगेच दिसतो आणि तेच दुरुस्त करतात. तुमचा हात मध्ये नको, हे सगळ्यात अवघड आहे आणि सगळ्यात महत्त्वाचं पण.

आवाज
रेकॉर्डिंगच्या वेळी फोन एअरप्लेन मोडवर टाका, पंखा बंद, दार लावा, आणि फोन तोंडापासून एक वीतभर लांब धरा. वाचून दाखवायला लावू नका, चौकटीतल्या ओळीकडे बघून सांगायला लावा. पाठ केलेलं बोलणं लगेच ओळखू येतं, सगळं एका सुरात. आणि मूल "मटकीला शेपूट आलं" म्हणालं तर म्हणू द्या, पुढच्या चौकटीत ते शेपूट म्हणजेच मूळ हे त्यालाच सांगू द्या. घरची बोली असेल, अहिराणी असो की मालवणी, ती पण राहू द्या, मूल मोकळं बोलतंय हे जास्त मोलाचं. पहिलं रेकॉर्डिंग त्यांना ऐकवा आणि एकच विचारा, "आईला हे कळेल का?" बहुतेक गट आपणहून म्हणतात, परत करू.

दाखवायचं कसं
परवानगी आधी. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात 18 वर्षांखालचे सगळे बालकच धरलेत आणि त्यांची माहिती वापरायला पालकांची संमती लागते, त्यामुळे वर्षाच्या सुरुवातीलाच पालकसभेत लेखी संमती घेऊन ठेवा. तरीही माझं मत असं की चेहरा दाखवायची गरजच नाही, आवाज, हात आणि मटकी पुरे. आडनाव, पत्ता बोलायचा नाही.

पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकणं सोपं आहे, पण तिथे ते दोन दिवसांत वर सरकून जातं. त्यापेक्षा क्यूआर कोड करा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले सरांनी पुस्तकांत क्यूआर कोड आणले, पुढे 2020 चा ग्लोबल टीचर प्राइज त्यांना मिळाला, तेव्हा हे आपल्या मातीतलंच आहे. व्हिडिओ गूगल ड्राइव्हवर टाकायचा, 'लिंक असलेल्या कोणालाही बघता येईल' असं सेटिंग करायचं, त्या लिंकचा कोड बनवून प्रिंट काढायची आणि मुलांनी काढलेल्या रोपाच्या चित्राखाली चिकटवायची. दोन गोष्टी सांभाळा: काही फुकट साइटचे कोड थोड्या दिवसांनी बंद पडतात म्हणून साधा, न बदलणारा म्हणजे स्टॅटिक कोड निवडा, आणि ड्राइव्हवरची फाइल डिलीट केलीत तर कोड उघडणार नाही. चिकटवण्याआधी दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर उघडून बघा, तुमच्या स्वतःच्या फोनवर ते नेहमीच उघडतं.

ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही त्या पालकांना शाळा सुटताना थांबवून तुमच्याच फोनवर दाखवा आणि मूल शेजारी उभं करा, म्हणजे त्यांचे प्रश्न त्यालाच विचारले जातील. त्यातला एखादा प्रश्न गटाला अडला, तर पुढच्या व्हिडिओचा विषय तोच घ्या.